पेढी खाली, मशीद वर : शेख मेमन स्ट्रीटच्या इमारतींचा इतिहास

मुंबईतील मुसलमानांच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे काही लिहिले जाते, ते बहुधा माहीमच्या मखदूम फकीह अली माहीमींपासून सुरू होते आणि मध्ये मोठी उडी मारून १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या बद्रुद्दीन तय्यबजींपर्यंत येऊन पोचते. एक सुफी संत आणि एक बॅरिस्टर. या दोघांच्या मध्ये जी काही शतके गेली, त्या शतकांत मुंबईचा मुसलमान काय करत होता? तो जहाजे हाकत होता, माल उतरवत होता, कापड विकत होता, हुंड्या वटवत होता. त्याने तजकिरे लिहिले नाहीत, दिवाण लिहिले नाहीत. त्याने इमारती बांधल्या. त्या इमारतींच्या तळमजल्यावर दुकाने काढली, त्या दुकानांच्या भाड्यावर मशिदी चालवल्या, मदरसे काढले, मुसाफिरखाने उभारले. त्याचा इतिहास वाचायचा असेल, तर कुतुबखान्याबरोबरच बाजारातही जावे लागते.

अशा बाजाराचा एक नमुना म्हणून शेख मेमन स्ट्रीट हा रस्ता घेता येईल. क्रॉफर्ड मार्केटजवळून निघणारा आणि मंगळदास मार्केट, जुम्मा मशीद, मूळजी जेठा मार्केट, झवेरी बाजार असे टप्पे घेत काळबादेवीला मिळणारा हा अरुंद रस्ता पायी चालायला फारसा वेळ लागत नाही. गर्दी, हातगाड्या आणि हमाल आडवे आले नाहीत, तर दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. पण या अंतरात मुंबईच्या व्यापाराची सव्वादोनशे वर्षे उभी आहेत. आणि त्यांच्या अगदी सुरुवातीला कोकणातून आलेला, आपल्या बोलीत बोलणारा मुसलमान उभा आहे, ही गोष्ट आपण मराठी मुसलमानांनी तरी विसरता कामा नये.

किल्ल्याबाहेरचे शहर

इंग्रजांची मुंबई आधी किल्ल्याच्या तटबंदीत होती. एतद्देशीय व्यापाऱ्यांची घरे आणि वखारीही आतच होत्या. अठराव्या शतकात तटाबाहेरचे मैदान तोफांच्या माऱ्यासाठी मोकळे ठेवण्याचे धोरण आले. त्यामुळे किल्ल्याजवळची वस्ती, झाडे, प्रार्थनास्थळे उत्तरेकडे हलवली गेली. मुंबादेवीचे मूळ देऊळ आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. ते याच धोरणापायी हलले आणि आजच्या जागी आले. मुसलमानांची जुनी जामा मशीदही किल्ल्याच्या बाजूची. तिलाही जागा सोडावी लागली. म्हणजे आज जी देवी आणि जी मशीद एकाच बाजाराच्या दोन टोकांना आहेत, त्या दोघी एकाच कारणाने विस्थापित होऊन शेजारी आल्या आहेत. शेजारधर्माचे यापेक्षा जुने नाते या शहरात क्वचितच सापडेल.

पुढे १७ फेब्रुवारी १८०३ रोजी किल्ल्यात प्रचंड आग लागली. आतल्या वस्तीचा मोठा भाग जळाला. त्यानंतर व्यापाऱ्यांनी तटाबाहेर, मैदानाच्या उत्तरेला, घरे आणि पेढ्या बांधण्यास सुरुवात केली. सरकारनेही त्याला उत्तेजन दिले. मांडवी, चकला, काळबादेवी, पायधुणी, भेंडी बाजार हा सारा भाग त्यानंतर झपाट्याने भरत गेला. पायधुणी हे नाव तर सरळ मराठी आहे. भरतीच्या वेळी खाडीचे पाणी जिथे साचे आणि चिखल तुडवून आलेला माणूस जिथे पाय धुई, ती जागा.

या भागातील गल्ल्यांची नावे एकेक करून वाचली, तर कोण कुठून आले याचा पत्ता लागतो. जुम्मा मशिदीलगतची जंजीकर स्ट्रीट जंजिऱ्याची आठवण सांगते. डोंगरीतली तांडेल स्ट्रीट गलबतावरच्या तांडेलाची. नाखुदा मोहल्ला जहाजाच्या मालक-कप्तानांचा. तिथून थोड्याच अंतरावर, मांडवीतल्या सॅम्युएल स्ट्रीटवर बेने इस्राएल समाजाने १७९६ साली आपले पहिले सिनेगॉग बांधले. त्यांची मातृभाषा मराठी, आणि ते आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत. मशीद बंदर या स्टेशनाचे नाव त्या ज्यू मशिदीवरून पडले, हे आज त्या स्टेशनावर उतरणाऱ्या हजारांपैकी किती जणांना ठाऊक असेल?

तळ्यावरची मशीद आणि तिची दुकाने

शेख मेमन स्ट्रीटवरची सर्वांत जुनी मोठी वास्तू जुम्मा मशीद. जिथे ती उभी आहे, तिथे पूर्वी बागा आणि मोकळी जमीन होती आणि एक मोठे तळे होते. हे तळे एका कोकणी मुसलमान व्यापाऱ्याच्या मालकीचे. तळे बुजवायचे नाही, या अटीवर त्याने मशिदीसाठी जागा दिली. १७७५ साली काम सुरू झाले. वादविवादांमुळे ते रखडले आणि १८०२ साली पुरे झाले. अट पाळण्यासाठी मशीद तळ्यावरच उचलून धरली गेली. आजही मुख्य दरवाजातून आत गेले की चौक आणि चौकानंतर पाण्याचा हौज दिसतो. तळाशी जिवंत झरे आहेत. पाण्यात मासे आणि कासवे आहेत. पाण्यातून वर आलेल्या काळ्या दगडाच्या सोळा कमानींनी वरचा भार पेलला आहे. या कमानी १८७४ सालच्या. वरच्या मजल्यावर लाकडी खांबांच्या रांगा आणि त्या खांबांत पवित्र ग्रंथ ठेवण्यासाठी केलेले कोनाडे आहेत. ज्या शहरातले बहुतेक जुने तलाव बुजवले गेले आणि फक्त नावापुरते उरले, त्या शहरात एका दात्याच्या अटीमुळे एक तळे वाचले, ही साधी गोष्ट नव्हे.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने याहूनही महत्त्वाची गोष्ट मशिदीच्या बाहेरच्या अंगाला आहे. मशिदीभोवती दुमजली, गच्चीच्या इमारतींचे कडे आहे आणि त्या कड्याचा तळमजला दुकानांना भाड्याने दिलेला आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी गॅझेटिअरमध्येही ही दुकाने नोंदलेली आहेत. रस्त्यावरून जाणाऱ्याला आधी बाजार दिसतो, मशीद नंतर दिसते. काहींना हे खटकते. इबादतीच्या जागेला दुकानांनी वेढावे हे बरे दिसत नाही, असे म्हणणारे आहेत. पण ज्यांनी हे बांधले, त्यांचा हिशेब स्पष्ट होता. मशिदीत दिवाबत्ती लागते, पाणी लागते, इमाम आणि मुअज्जिन लागतात, मदरशात शिकणाऱ्या मुलांचे जेवण लागते. हे सारे दर वर्षी झोळी फिरवून करायचे, की एकदाच अशी व्यवस्था करायची की बाजार चालेल तोवर मशीद चालेल? त्यांनी दुसरा मार्ग निवडला. इस्तंबूल, कैरो, इस्फहान इथल्या मोठ्या मशिदींच्या आसपासचे बाजार हेच सांगतात. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाने ही कल्पना पुस्तकात वाचली नव्हती. अरबस्तानच्या बंदरांत त्याची ये-जा होती आणि तिथे त्याने अशा व्यवस्था चालताना पाहिल्या असणार.

नाखुदा ते पेढीवाला

या मशिदीच्या इतिहासात नाखुदा मोहम्मद अली रोगे यांचे नाव ठळक आहे. रोगे, घट्टे, खटखटे, मुकबा ही त्या काळच्या मुंबईतल्या कोकणी मुसलमान घराण्यांची नावे. मोहम्मद अली रोगे हे सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्याबरोबर चीनच्या व्यापारात भागीदार होते. एक पारशी, एक जैन आणि एक कोकणी मुसलमान अशी ही भागीदारी. त्या व्यापारात कापूस होता आणि अफूही होती. इतिहास लिहिताना हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या पिढीच्या मुंबईकर धनिकांची पुष्कळशी संपत्ती, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, या व्यापारातून आली. रोगे यांनी मशिदीला मोठ्या देणग्या दिल्या आणि १८३७ च्या सुमारास मशिदीचा वरचा भाग त्यांच्या दानातून उभा राहिला. मशिदीशी जोडलेला मदरसा मोहम्मदिया आणि त्याचा कुतुबखाना विद्वानांना परिचित आहे. तिथल्या अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांच्या छापील सूच्या प्रसिद्ध झालेल्या आहेत. कापडाच्या गठ्ठ्यांच्या बाजारात, दुकानांच्या माथ्यावर, हस्तलिखितांचा असा संग्रह असावा, हे या रस्त्याचे वैशिष्ट्य.

मशिदीचा कारभार जमातीने निवडलेल्या संचालकांकडे आणि त्यांनी नेमलेल्या नाझिराकडे असतो. १८९७ साली उच्च न्यायालयाने त्यासाठी योजना आखून दिली. मिळकत, भाडे, हिशेब, निवडणूक हे सारे लेखी झाले. त्या काळी अशी शिस्त किती संस्थांत होती, याचा विचार केला म्हणजे आपल्या पूर्वजांच्या व्यवहारी शहाणपणाची कल्पना येते.

मग प्रश्न पडतो, ही घराणी पुढे मागे का पडली? उत्तर समुद्रात आहे. त्यांची श्रीमंती शिडाच्या जहाजांवर उभी होती. आगबोटी आल्या, १८६९ साली सुएझ कालवा सुरू झाला आणि वाऱ्यावर चालणाऱ्या जहाजांचा काळ संपला. आगबोट विकत घेण्याइतके भांडवल एकट्या घराण्याकडे नव्हते आणि कंपनी काढून भांडवल गोळा करण्याची रीत फारशी रुजली नाही. व्यापाराची सूत्रे कच्छ-काठियावाडाहून आलेले मेमन, खोजा, बोहरी यांच्याकडे आणि भाटिया, कपोळ, मारवाडी व्यापाऱ्यांकडे गेली. कोकणी मुसलमानाकडे घरे, दुकाने आणि त्यांचे भाडे उरले. पुढच्या पिढ्या नोकरीकडे वळल्या. ज्याचे आजोबा जहाजाचे नाखुदा, तो नातू जहाजावर खलाशी किंवा सारंग, असेही घडले. तरीही जे शिल्लक होते, त्यातून काही चांगले घडले. १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, तेव्हा बद्रुद्दीन आणि कमरुद्दीन तय्यबजी या बोहरी बंधूंच्या बरोबरीने रोगे घराण्यातले नाखुदा मोहम्मद अली रोगे होते. व्हीटीसमोरची अंजुमनची इमारत १८९३ साली खुली झाली. बाजारातला पैसा शिक्षणाकडे वळल्याची ती निशाणी आहे.

कापसाचा पैसा, कापडाचा बाजार

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच १८६५ साली सट्टा कोसळला आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. पण त्या चार-पाच वर्षांत आलेल्या पैशाने शहराचे रूप पालटले. किल्ल्याची तटबंदी पाडली गेली. शेख मेमन स्ट्रीटच्या तोंडाशी, नगरपालिकेचे पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या पुढाकाराने मंडई उभी राहिली. विल्यम इमर्सन यांनी तिचा आराखडा केला आणि १८६९ साली ती पुरी झाली. दरवाजावरची शेतकऱ्यांची शिल्पे आणि आतले कारंजे लॉकवुड किपलिंग यांच्या कल्पनेतले. हीच आजची महात्मा जोतिबा फुले मंडई.

कापडाचा बाजार मात्र आतल्या अंगाला वसला. मंगळदास नथुभाईंच्या नावाचे मंगळदास मार्केट आणि १८७० च्या दशकात उभे राहिलेले भाटिया व्यापारी मूळजी जेठा यांचे मार्केट. मूळजी जेठा मार्केट म्हणजे छपराखालचे एक गावच. आत गल्ल्या, गल्ल्यांना नावे, दोन्ही बाजूंना गाळे. पांढऱ्या गादीवर तक्क्याला टेकून बसलेला शेठ, बाजूला मुनीम, पुढ्यात उलगडलेले तागे. दलालाने रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवायचा, म्हणजे शेजारच्या गाळ्याला कळू नये. एके काळी इथे मँचेस्टरचा माल यायचा, पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचा, नंतर भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या मागांचा. मालेगाव आणि भिवंडीचा मोमीन विणकर आणि मूळजी जेठाचा गुजराती व्यापारी यांचे नाते या गाळ्यांतून चालत आले आहे. लुगडे नेसणाऱ्या बाईला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण तिच्या अंगावरच्या कापडात दोघांची मेहनत होती.

या रस्त्यावरच्या खासगी इमारतींची ठेवण पाहण्यासारखी आहे. दर्शनी भाग अरुंद, आत खोली भरपूर. सांगाडा सागवानी, विटांच्या भिंती, तुळयांवर फळ्यांची तक्तपोशी. तळमजल्यावर पेढी, तिच्यावर माल ठेवायला पोटमाळा, वर बिऱ्हाडे, रस्त्याच्या बाजूला कोरीव कठड्याचा सज्जा. जिना इतका उभा की दोर धरून चढावे लागे. दोन इमारतींच्या मधे घरगल्ली, जिथून मैला उचलला जाई आणि जिथे ऊन कधी पोचत नसे. दिवसभर खाली हिशेब, रात्री वर संसार. दुकानातले नोकर रात्री पेढीवरच पथारी टाकत.

या दाटीची किंमत शहराने १८९६ साली मोजली. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवीत प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासिओ व्हिएगास या गोवेकर डॉक्टरांनी ओळखला. हजारो माणसे मेली, लाखो गाव सोडून पळाली. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड असे रुंद रस्ते जुन्या वस्त्यांतून काढले गेले. मोहम्मद अली रोडच्या दुतर्फा दगडी-सिमेंटी उंच इमारती उभ्या राहिल्या. शेख मेमन स्ट्रीट मात्र या नांगरातून बऱ्याच अंशी सुटली. म्हणून प्लेगपूर्व मुंबईचा बाजार कसा होता, हे तिथे अजून थोडेफार पाहता येते.

इथेच मुसाफिरखान्याचाही उल्लेख केला पाहिजे. हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाचा क्रॉफर्ड मार्केटजवळचा मुसाफिरखाना म्हणजे हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या हाजींचा मुक्काम. बोट मिळेपर्यंत माणसे दिवसेंदिवस इथे राहत आणि इहरामचे कापड, पेट्या, दोर, वाटेतला शिधा याच बाजारात घेत. १९९५ नंतर जहाजाने हजला जाणे बंद झाले आणि विमानाने सारे वेळापत्रक बदलले. बाजाराचा तो हंगामही गेला.

हरताळ, होळी आणि रक्त

हा रस्ता नेहमी शांत नव्हता. ११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारच्या नमाजनंतर, जुम्मा मशिदीच्या परिसरातून मुंबईतल्या पहिल्या मोठ्या हिंदू-मुस्लिम दंगलीला तोंड फुटले. जवळच्या हनुमान गल्लीतल्या देवळाकडे जमाव वळला आणि पुढचे काही दिवस शहर पेटत राहिले. सुमारे ८० माणसे मेली. पूर्वजांचे कौतुक करताना हे पान गाळता येत नाही.

पण त्याच गल्ल्यांनी दुसरेही पाहिले. खिलाफत चळवळीच्या काळात इथले हिंदू-मुसलमान व्यापारी एकत्र हरताळ पाळत होते. खिलाफत कमिटीचे अध्यक्ष मियाँ मोहम्मद छोटानी हे लाकडाचे मेमन व्यापारी. ३१ जुलै १९२१ रोजी गांधीजींनी परळला परदेशी कापडाची होळी केली, ती उमर सोबानी या मेमन गिरणीमालकाच्या एल्फिन्स्टन मिलच्या आवारात. ज्या घराण्याची श्रीमंती कापडावर, त्याने कापड जाळायला जागा दिली. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाने भरलेल्या मोटारीसमोर बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातला गिरणी कामगार आडवा झाला आणि चिरडून शहीद झाला. १८९३ साली जिथे धर्मावरून डोकी फुटली, त्याच हनुमान गल्लीच्या परिसरात सदतीस वर्षांनी एका गरीब मराठी कामगाराने देशासाठी प्राण दिला.

स्वातंत्र्याबरोबर फाळणी आली. काही पेढ्या कराचीला गेल्या, पाट्या बदलल्या, भागीदार तुटले. नंतरच्या जखमा अधिक ताज्या आहेत. जानेवारी १९९३ मध्ये मोहम्मद अली रोडवरच्या सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांच्या गोळीबारात निःशस्त्र माणसे मारली गेली. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ सालच्या अहवालाने त्या कारवाईवर कडक ठपका ठेवला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी, झालेल्या बॉम्बस्फोट मालिकेत २५७ माणसे गेली. स्फोटाच्या ठिकाणांत झवेरी बाजारही होता. २५ ऑगस्ट २००३ रोजी तिथेच मुंबादेवीजवळ पुन्हा स्फोट झाला, १३ जुलै २०११ रोजी पुन्हा. अठरा वर्षांत तीनदा. स्फोटाला धर्म विचारायची सवय नसते. झवेरी बाजारात सोन्याला घडणारे कारागीर बंगालचे, त्यांत हिंदू आहेत तसे मुसलमानही आहेत. तरी प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी दुकानाची फळी उघडणाऱ्या मुसलमान दुकानदाराला शेजाऱ्याच्या नजरेचा अंदाज घ्यावा लागला. तो अंदाज घेत घेत व्यवहार चालू राहिला, हेही खरे. कारण बाजारात उधारी असते, आणि उधारी माणसांना एकमेकांकडे परत यायला लावते.

वक्फ, भाडे आणि पगडी

आता आजच्या प्रश्नाकडे येऊ. या इमारती मोडकळीस का आल्या? पहिले कारण भाडे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत भाडेनियंत्रण आले. १९४७ च्या कायद्याने भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले. त्या वेळी भाडेकरूला संरक्षणाची गरज होती यात शंका नाही. पण दशके लोटली तरी भाडे तिथेच राहिले. झवेरी बाजारातल्या गाळ्याचा धंदा लाखांचा आणि भाडे काही रुपये, अशी स्थिती झाली. गाळा सोडताना नवा भाडेकरू जुन्याला पगडी देई. तिचा हिशेब कागदावर येत नसे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली आणि पगडीला कायद्यात जागा दिली. तोपर्यंत तुळया कुजल्या होत्या. १९६९ साली कायदा करून सरकारने दुरुस्ती मंडळ नेमले आणि जुन्या इमारतींवर उपकर बसवला. सुरुवातीला अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. टेकू लावणे हेच पुष्कळ ठिकाणी दुरुस्तीचे अंतिम रूप ठरले.

खासगी मालकाचे जे झाले, तेच वक्फचेही झाले, आणि परिणाम अधिक वाईट. मालकाचे भाडे बुडाले तर एका कुटुंबाचे नुकसान. मशिदीच्या गाळ्याचे भाडे गोठले तर मदरशातल्या मुलाची शिष्यवृत्ती गोठते. ज्या दुकानांनी मशीद पोसायची, त्या दुकानांच्या दुरुस्तीला मशिदीने वर्गणी काढायची, अशी उलटी गंगा वाहू लागली. त्यात आपल्यातल्याच काहींनी वक्फचे गाळे वर्षानुवर्षे नाममात्र भाड्यात अडवून ठेवले. मशिदीच्या भाडेकरूंत सर्व धर्मांचे लोक आहेत, पण भाडे थकवण्याच्या बाबतीत आपण मागे नाही, हे कबूल करायला हवे.

कायद्याची वाटही सरळ नाही. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलने कौटुंबिक वक्फ अमान्य केला. तो पुन्हा मान्य करणारा १९१३ चा कायदा बॅरिस्टर जिनांनी मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी या नात्याने विधिमंडळात मांडून संमत करून घेतला. १९५० पासून मुंबई राज्यातले विश्वस्त न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले गेले. १९९५ चा वक्फ कायदा आल्यावर २००२ साली महाराष्ट्राचे वक्फ मंडळ स्थापन झाले आणि कोणता न्यास वक्फ, कोणता नाही, यावर वाद सुरू झाला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मुसलमानाने केलेले प्रत्येक धर्मादाय दान वक्फ ठरत नाही, असा निर्वाळा दिला. २०२५ च्या दुरुस्तीने केवळ वापरावरून वक्फ मानण्याची तरतूद पुढच्या काळासाठी काढून टाकली आणि मिळकतींची नोंद केंद्रीय पोर्टलवर करणे आवश्यक केले. या दुरुस्तीवर समाजात आणि न्यायालयात मतभेद आहेत. परंतु एक गोष्ट कोणत्याही पक्षाला नाकारता येणार नाही. यापुढे आठवणीवर मिळकत टिकणार नाही. कागद लागेल.

पाडणे आणि जपणे

जुन्या इमारतींविषयी लिहिताना नुसते उमाळे काढून भागत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी, बकरी ईदच्या तोंडावर, भेंडी बाजारातल्या पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली आणि ३० हून अधिक माणसे दगावली. ज्यांना रोज रात्री पडक्या छपराखाली झोपावे लागते, त्यांना वारशाची महती सांगणे हा निर्दयपणा आहे. त्याच भेंडी बाजारात बोहरी समाजाने २००९ पासून साडेसोळा एकरांचा पुनर्विकास हाती घेतला. सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने यांची ती योजना आहे. घर मिळाले, संडास मिळाला, लिफ्ट मिळाली. हे छोटे सुख नाही. पण उंच मनोऱ्याच्या तळाशी काचेचे दुकान मिळाले, तरी ओट्यावरचा बाजार आणि वरचे बिऱ्हाड यांच्यातला जुना संबंध परत येत नाही.

सरकारी वारशाच्या यादीत क्रॉफर्ड मार्केट वरच्या श्रेणीत आहे. २०१८ साली युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा मानले. ते योग्यच झाले. पण साहेबाची मुंबई जपली जाते आणि तिला पैसा पुरवणारा देशी बाजार पाडण्याजोगा ठरतो, हा पंक्तिप्रपंच लक्षात घेण्यासारखा आहे. आणि बाजाराचा इतिहास जेव्हा सांगितला जातो, तेव्हा पारशी, भाटिया, मारवाडी यांची नावे सहज येतात. कोकणी मुसलमानाचे नाव आठवून सांगावे लागते. त्याला कारण आपणही आहोत. पारशांनी घराण्यांचे इतिहास लिहिले, भाटियांनी स्मरणिका काढल्या. आपण किल्ल्यांवर आणि सुलतानांवर बोलत राहिलो, आणि ज्यांनी तळे वाचवून त्यावर मशीद बांधली, त्यांच्याविषयी गप्प राहिलो.

म्हणून मराठीतून लिहिणाऱ्या मुसलमान तरुणांना एवढेच सांगावेसे वाटते. आपल्या घरातल्या पत्र्याच्या पेट्या उघडा. जुन्या भाडेपावत्या, खरेदीखते, वक्फनामे, पेढीची छापील पत्रे, जमातीच्या सभांची इतिवृत्ते, लग्नपत्रिका, दुकानासमोर काढलेले फोटो, हे सारे कागद जपा आणि त्यांची नोंद करा. मोडी आणि फारसी वाचणारे अजून काही जण आहेत, त्यांच्याकडून ते वाचून घ्या. आपल्या गावच्या आणि शहरातल्या मशिदीला कोणती दुकाने लागून आहेत, त्यांचे भाडे काय, ते कोणी आणि कशासाठी दिले, याची यादी करा. हे काम शेख मेमन स्ट्रीटपुरते नाही. पुण्याची कॅम्प, औरंगाबादचे गुलमंडी-सिटी चौक, कोल्हापूर, रत्नागिरी, राजापूर, चिपळूण, सगळीकडे अशी एखादी ओळ उभी आहे.

ज्या अनामिक व्यापाऱ्याने तळ्याची जागा दिली, त्याची फक्त एक अट आपल्यापर्यंत पोचली आहे, आणि ती सव्वादोनशे वर्षे पाळली गेली. ती लिहून ठेवली गेली आणि पुढच्या पिढ्यांनी तिला मान दिला, म्हणून त्या हौजात आजही वजू होतो. आपल्या हाती जे कागद आहेत, त्यांतल्या अटी वाचण्याची पाळी आता आपली आहे.